स्किड रो १९८९ ते १९९१: बदल आतून आला होता की बाजार बघून केला होता?

भंवरकुआ_रिफ:

नमस्कार मंडळी, प्रश्न थोडा लांब आहे पण नीट वाचून उत्तर द्या प्लीज, कारण आमच्या बँडमधे यावरून पंधरा दिवस झाले वाद चालू आहे.

आम्ही चौघं इंदूरचेच, सुदामानगरला ड्रमरच्या घरी गच्चीवरच्या खोलीत प्रॅक्टिस करतो. दोन वर्षं कॉलेजच्या फेस्टमधे एटीजचं ग्लॅम मेटलच वाजवलं, म्हणजे ते लांब केस, चमकदार कपडे आणि पार्टीची गाणी, कोरस सोपे असतात, पब्लिक हात वर करून गातं, मजा येते. आता स्वतःची गाणी करायला घेतली तर जे निघतंय ते सगळं जड निघतंय. रिफ, म्हणजे गिटारचा परत परत येणारा तुकडा, खालच्या तारांवर, टेम्पो एकतर जाम फास्ट नाहीतर एकदम संथ, आणि शब्द तर अजिबात पार्टीचे नाहीत. एक गाणं आमच्या बेसिस्टने त्याच्या रूममेटवर लिहिलंय, जो कोचिंगच्या होस्टेलमधून रात्री कोणाला न सांगता बॅग भरून निघून गेला आणि त्याची टेस्टची उत्तरपत्रिका टेबलावर तशीच पडली होती. मला ते गाणं ऐकताना गळ्याशी येतं, खरं सांगतो.

पण आमचा व्होकलिस्ट म्हणतो की लोक आपल्याला धमाल बँड म्हणून ओळखतात, एकदम तोंड पाडून उभे राहिलो तर नाटकी वाटेल. मी त्याला स्किड रो या अमेरिकन बँडचं उदाहरण दिलं. १९८९ चा त्यांचा पहिला अल्बम आणि जून १९९१ चा स्लेव्ह टू द ग्राइंड लागोपाठ ऐकले की माणसं तीच आहेत यावर विश्वास बसत नाही, इतका फरक आहे. त्यावर तो म्हणाला की अरे ग्रंज, म्हणजे ते मळकट, उदास रॉक, आलं म्हणून सगळे घाबरले, केस कापले, जड वाजवायला लागले, स्किड रो पण त्यातलेच, म्हणजे हा बदल बाजार बघून केलेला.

मला हे पटत नाहीये पण उत्तर देता येईना. तर ज्यांनी तेव्हाचा काळ बघितलाय त्यांनी सांगा, हा बदल खरा होता का? आणि खरा असेल तर त्यांचा टिकला आणि बाकीच्यांचा का नाही टिकला?


जुनी_कॅसेट:

भिया, तुझ्या व्होकलिस्टला आधी तारखा बघायला सांग, अर्धा वाद तिथेच मिटेल. स्लेव्ह टू द ग्राइंड आला ११ जून १९९१ ला. मेटालिकाचा काळा अल्बम त्याच्यानंतर ऑगस्टमधे आला, ज्याने ग्रंज घराघरात पोचवलं तो निर्वाणाचा नेव्हरमाइंड सप्टेंबरच्या शेवटी आला आणि अमेरिकेत एक नंबरवर पोचला तो थेट जानेवारी १९९२ मधे. मग जे वादळ अजून आलंच नव्हतं त्याला घाबरून यांनी अल्बम कसा काय केला? लिहिला, रेकॉर्ड केला, सगळं त्याच्याही आधीचं. आणि बिलबोर्डवर तो पहिल्याच आठवड्यात एक नंबरवर उतरला. त्याच वर्षी मे महिन्यात चार्ट खऱ्या विक्रीच्या आकड्यांवर मोजायला लागले होते, त्या नव्या पद्धतीत पहिल्याच आठवड्यात एक नंबरला येणारा हा पहिला हेवी मेटल अल्बम. तोही रेडिओच्या आधाराशिवाय. पहिल्या अल्बममधली एटीन अँड लाइफ आणि आय रिमेंबर यू ही गाणी अमेरिकेत चौथ्या आणि सहाव्या नंबरपर्यंत गेली होती, या दुसऱ्यातून तसं एकही गाणं वर गेलं नाही, तरी लोकांनी अल्बम घेतला.

आता माझं सांगतो, लांबेल थोडं.

मी तेव्हा बारावीला होतो, १९९२. एका मित्राकडे केबल आलं होतं, स्टार टीव्हीवर एमटीव्ही लागायचं, तिथे पहिल्यांदा स्किड रोचा गायक सेबॅस्टियन बाख दिसला. लांब सोनेरी केस, इतका देखणा माणूस की मित्राची आई म्हणाली ही मुलगी छान गाते, आणि मग त्याने जो सूर लावला तो ऐकून ती पण दारात उभी राहिली. माझ्याकडे पहिला अल्बम आधी आला, मग मित्राच्या मुंबईच्या मामेभावाने दुसरा अल्बम टीडीकेच्या साठच्या कॅसेटवर भरून पाठवला. कव्हर नाही, गाण्यांची नावं बॉलपेनने लिहिलेली, त्यातलं एक नाव शाईने पुसलं गेलेलं. ती कॅसेट अजून आहे माझ्याकडे.

माझे वडील इथल्याच एका मिलमधे साचाखात्यात होते. त्या सुमारास मिल बंद पडली. बंद म्हणजे असं नाही की एक दिवस कोणी येऊन सांगितलं, आधी पगार लांबायला लागला, मग पाळी कमी झाली, मग गेटला कुलूप. वडील तरीसुद्धा बरेच दिवस सकाळी सव्वासहाला उठून डबा भरायला सांगायचे आणि सायकल घेऊन गेटपर्यंत जाऊन यायचे. आई डबा भरून द्यायची, काही बोलायची नाही. दुपारी तो डबा घरीच उघडला जायचा.

मी त्या दिवसांत ते टायटल साँग रोज ऐकायचो, आतल्या खोलीत, टेपला कान लावून. ग्राइंडचा अर्थ डिक्शनरीत बघितला, दळण. रोजचं तेच ते दळण आणि त्याचा गुलाम. एकदा वडील आत आले, म्हणाले हा काय एवढा ओरडतोय. मी अर्थ सांगितला. ते थोडा वेळ उभे राहून ऐकत राहिले आणि मग मला म्हणाले, "तिकडे पण मिल असतात का रे?" त्यांनी टेप बंद करायला सांगितला नाही.

म्हणून मला कोणी सांगितलं की हा बदल खोटा होता तर मी मानणार नाही. मला जे त्या गाण्यात ऐकू आलं ते खोटं नव्हतं. आणि बँडला तरी कुठे नवीन होतं ते? अरे पहिल्याच अल्बममधलं एटीन अँड लाइफ काय आहे, अठरा वर्षांच्या पोराच्या हातून गोळी सुटते आणि तो जन्मभरासाठी आत जातो. हे पार्टीचं गाणं आहे का? बीज तिथेच होतं, फक्त वरून केस आणि चमक होती म्हणून लोकांना दिसलं नाही.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. स्लेव्हचं कव्हर म्हणजे एक मोठं चित्र आहे आणि ते काढलंय डेव्हिड बीअर्क यांनी, म्हणजे सेबॅस्टियनच्या वडिलांनी. ते चित्रकारच होते. कॅराव्हॅजिओच्या सेंट लुसीच्या दफनाच्या चित्रावरून त्यांना ते सुचलं होतं. मुलाच्या मेटल अल्बमसाठी बापाने चारशे वर्षांपूर्वीच्या चित्राचा आधार घेतला. माझ्या बिनकव्हरच्या कॅसेटमुळे मला हे कितीतरी वर्षं माहीतच नव्हतं, पहिल्यांदा बघितलं तेव्हा बराच वेळ नुसता बघत बसलो.


सहा_तारा:

काकांनी तारखांचं सांगितलं, मी आवाजाचं सांगतो. मी गिटार शिकवतो, हे दोन अल्बम मुलांना मुद्दाम शेजारी शेजारी ऐकवतो.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, दोन्ही अल्बमचा प्रोड्यूसर एकच आहे, मायकल वॅगनर. म्हणजे कंपनीने नवीन माणूस आणून बँडला नवीन कपडे घातले असं झालेलं नाही. आणि वॅगनर म्हणजे नुसता ग्लॅमवाला पण नाही, १९८६ चा मेटालिकाचा मास्टर ऑफ पपेट्स त्यानेच मिक्स केला होता. जड आवाज कसा बसवायचा ते त्याला आधीपासून येत होतं, १९८९ मधे या बँडने तो मागितला नाही आणि १९९१ मधे मागितला, मला तरी हे असंच दिसतं.

आता हेडफोन लाव. पहिल्या अल्बममधे ड्रमच्या मागे मोठा हॉल असल्यासारखी घुमक आहे, स्नेअर पडला की त्याची शेपटी लांबपर्यंत ऐकू येते, कोरसला चार पाच जण एकदम गातात, गिटार त्याच्या मागे भिंतीसारखी. स्लेव्हमधे ती घुमक आवरलीये, गिटार एकदम पुढे आलीये, कोरडी, कानाशी वाजते. मंकी बिझनेसची सुरुवात ऐक, आधी निवांत ब्लूजसारखे सूर, बाख जवळजवळ कुजबुजतो, आणि मग रिफ येते ती बिनघुमकीची, सरळ छातीवर. टायटल साँग तर थ्रॅशच, म्हणजे जाम वेगवान मेटलच, आहे जवळपास, उजव्या हाताचा नुसता जीव निघतो वाजवताना. रेचल बोलन बेस पिकने वाजवतो म्हणून खालचा आवाज नुसता गुरगुरत नाही, प्रत्येक ठोका वेगळा कळतो, आणि ड्रमर रॉब अफ्यूसोचा किक बरोबर त्याच्यावर बसतो.

तुम्ही नवीन नवीन जड वाजवताय ना, तर एक चूक हमखास होत असणार, पेडलचा गेन, म्हणजे आवाज फाटका करणारं बटण, पूर्ण फिरवून ठेवत असाल. माझ्याकडे येणारा प्रत्येक मुलगा हेच करतो. गेन वाढवला की खोलीत एकट्याला जाम भारी वाटतं आणि ड्रमबरोबर वाजवलं की सगळा चिखल होतो, रिफ कळतच नाही. गेन निम्म्यावर आण, तळहाताची कड ब्रिजवर ठेव आणि खालचा स्ट्रोक जोरात मार. वजन त्या हातात आहे. रेकॉर्ड करताना एकच रिफ दोनदा वेगवेगळी वाजवून एक डावीकडे एक उजवीकडे टाक, कॉपी पेस्ट नको, दोन्ही वेळा खरंच वाजवायची. त्या दोन टेकमधला जो बारीकसा फरक असतो त्यानेच गिटार मोठी वाटते.

आणि मुळं बघायची असतील तर १९९२ चा त्यांचा छोटा रेकॉर्ड ऐक, दुसऱ्यांची गाणी वाजवलीयेत, त्यात किस आहे पण रामोन्स, जुडास प्रीस्ट, रश आणि हेंड्रिक्स पण आहेत. ही पोरं लहानपणापासून हेच ऐकत आलेली, पंक आणि जुनं मेटल. १९९१ मधे जड कुठून आलं हा प्रश्नच नाही मग, १९८९ मधे ते कुठे दाबून ठेवलं होतं ते विचारा.


बडोद्याची_व्हिनाइल:

मी बडोद्याची आहे, इथे नेहमी नुसती वाचते पण आज लिहावंसं वाटलं, कारण वरच्या दोघांशी मी पूर्ण सहमत नाही.

ग्रंजला घाबरून केलं नाही हे मान्य. पण बाजार म्हणजे फक्त ग्रंज का? १९८७ मधे गन्स अँड रोझेसचा पहिला अल्बम आला आणि त्याने ग्लॅमला मळकट, रस्त्यावरचं रूप दिलं, १९८८ मधे मेटालिका मोठ्या मैदानांत वाजवायला लागले होते, म्हणजे वारा कुठून वाहतोय हे १९९० मधे कोणत्याही बँडला कळत होतं. स्किड रो तर १९८९ मधे बॉन जोव्ही या मोठ्या बँडबरोबर दौऱ्यावर होते, त्यांचा गिटारिस्ट स्नेक हा जॉन बॉन जोव्हीचा लहानपणचा मित्र. त्या सावलीतून बाहेर पडायचं असेल तर काहीतरी वेगळं करावंच लागणार होतं. यात खोटं काही नाही पण याला नुसतं मनातून आलेलं असं म्हणणं मला पुरेसं वाटत नाही. आणि विक्री बघा, अमेरिकेत पहिला अल्बम पाच वेळा प्लॅटिनम, दुसरा दोन वेळा, एक प्लॅटिनम म्हणजे दहा लाख. एक नंबर मिळाला पण ऐकणारे सगळेच बरोबर आले नाहीत, हे नवीन बँडने समजून घ्यायला हवं.

दुसरं, मला एक गोष्ट खटकते. सिरियस म्हणजे काय? स्लेव्हमधे क्विकसँड जीझस आहे, इन अ डार्कन्ड रूम आहे, शेवटचं वेस्टेड टाइम आहे जे नशेत बुडालेल्या मित्राबद्दल आहे, ही गाणी मला पाठ आहेत आणि माझ्यासाठी ती या अल्बमचा गाभा आहेत. पण त्याच अल्बममधे एक असंही गाणं आहे की ज्याच्यासाठी दुसरी सोज्वळ आवृत्ती काढावी लागली आणि त्यात त्याच्या जागी बेगर्स डे टाकलं. त्या गाण्यात बाईबद्दलची भाषा १९८५ चीच आहे, रिफ कितीही जड असू दे. गिटार जड झाली म्हणून विचार मोठा झाला असं होत नाही. मी सोळा सतरा वर्षांची असताना हे संगीत जीव तोडून ऐकलंय आणि प्रत्येक वेळी त्यातल्या बायकांच्या वर्णनाकडे कानाडोळा करावा लागला, म्हणून मला बदल मोजायचा तर मी आधी शब्द मोजते.

त्या हिशोबाने मला वॉरंट या दुसऱ्या ग्लॅम बँडचा डॉग ईट डॉग जास्त धाडसाचा वाटतो, १९९२ चा. त्याच्याबद्दल कोणी बोलतच नाही. त्यांचा गायक जानी लेन हा खरंच चांगला लिहिणारा माणूस होता. त्यांच्या १९९० च्या अल्बमचं नाव आधी अंकल टॉम्स केबिन ठेवायचं ठरलं होतं, पण कंपनीला एक मोठं हिट गाणं हवं होतं, याने पटकन चेरी पाय लिहून दिलं आणि मग अल्बमचं नाव, व्हिडिओ, सगळं तेच झालं. आयुष्यभर लोक त्याला त्याच गाण्यावरून ओळखत राहिले आणि त्याचं दुःख त्याने उघड बोलून दाखवलं होतं. त्यानंतर त्यांनी डॉग ईट डॉग केला, प्रोड्यूसर परत तोच मायकल वॅगनर, गाणी काळोखी, जड, एकात तर जग संपल्यानंतरचं चित्र आहे. आणि लोकांनी ऐकलाच नाही. जानी लेनने सांगितलेली एक आठवण आहे, त्यांच्या रेकॉर्ड कंपनीच्या ऑफिसात जिथे वॉरंटचं पोस्टर असायचं तिथे एक दिवस ग्रंजवाल्या अॅलिस इन चेन्सचं पोस्टर दिसलं आणि त्याला कळलं की आपलं संपलं. ज्या अॅलिस इन चेन्समुळे हे झालं त्यांचा गायक लेन स्टेली पण सुरुवातीला ग्लॅमच करायचा, मेकअपसकट! २०११ मधे जानी लेन गेला, वय फक्त ४७.

म्हणजे टिकला का नाही टिकला यावरून खरा की खोटा हे ठरवू नका. वॉरंटचा बदल खरा होता आणि तरी टिकला नाही.


जुनी_कॅसेट:

ताई, तुम्ही जानी लेनचं लिहिलंत ते वाचून गप्प झालो. डॉग ईट डॉग मी नीट ऐकलेला नाही, आज रात्री ऐकतो. शब्दांचं तुमचं म्हणणं पण बरोबर आहे, माझ्या कॅसेटवर ज्या गाण्याचं नाव पुसलं गेलेलं ते बहुतेक तेच, आणि मी ते नेहमी पुढेच ढकलायचो.

पण बॉन जोव्हीच्या सावलीचं थोडं वेगळं बघतो मी. स्लेव्हनंतर त्यांनी काय केलं बघा, आधी गन्स अँड रोझेसबरोबर फिरले आणि मग १९९२ मधे स्वतःच्या दौऱ्यावर आपल्या आधी वाजवायला पँटेराला घेतलं. पँटेरा! जे स्वतः १९८३ पासून चमकदार कपड्यांत ग्लॅम वाजवत होते आणि १९९० मधे काउबॉइज फ्रॉम हेल काढून पार बदलून गेलेले. आपल्याआधी रोज रात्री पँटेराने स्टेज तापवायचं आणि त्यानंतर आपण उभं राहायचं, हे ज्याला आपल्या जड आवाजाची खात्री नाही तो करणारच नाही, तो कोणीतरी हलका फुलका बँड शोधेल.


सहा_तारा:

+१ काका. आणि ताईंच्या बाजूने पण एक भर घालतो. १९९४ मधे मोटली क्रू या ग्लॅम बँडने काय केलं, गायक विन्स नील गेला, जॉन कोराबी आला, बॉब रॉकने प्रोड्यूस केलं, आवाज म्हणाल तर त्यांच्या सगळ्या अल्बममधला सगळ्यात दणदणीत. मला फार आवडतो तो. पण ज्या आवाजावर लोकांनी प्रेम केलं तोच नव्हता, त्यामुळे लोकांना वाटलं हा दुसराच बँड आहे, १९९७ मधे विन्सला परत आणावं लागलं. आणि खुद्द स्किड रोने १९९५ मधे बॉब रॉककडेच सबह्यूमन रेस केला, तो पण जडच आहे, पण तिथे मला पहिल्यांदा वाटलं की हे शेजारच्या घरात काय शिजतंय ते बघून स्वयंपाक करतायत. १९९६ मधे बाख बाहेर पडला. म्हणजे त्याच बँडने एकदा खरं केलं आणि एकदा जरा बघून बघून केलं, असं माझं मत.

रिफ, तुमच्यात गायक तोच राहतोय ना? मग निम्मी काळजी सोड.


देवासची_टेकडी:

मी मेटल ऐकत नाही, मुलगा ऐकतो, त्याने हा धागा दाखवला. पण प्रश्न वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते, चुकीच्या ठिकाणी वाटलं तर सोडून द्या.

आम्ही देवासचे, इंदूरहून तास सव्वा तास. कुमार गंधर्व इथे १९४८ मधे आले ते क्षयरोग घेऊन. लहानपणी ते मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी ऐकून जशाच्या तशा गाऊन दाखवायचे आणि लोक थक्क व्हायचे, म्हणजे लोकांना आवडणारं सगळं त्यांच्याकडे होतंच. मग आजारपण, गाणं बंद, एक फुफ्फुस निकामी. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांच्या कानावर माळव्यातल्या बायकांची गाणी पडायची, लग्नातली, सणाची. पुढे त्या धुनांमधून त्यांनी नवीन राग बांधले, निर्गुणी भजनं गायले, आणि परत गायला बसले तेव्हा गाणं वेगळंच झालं होतं. श्वास कमी पडायचा म्हणून लहान लहान ताना, मधे शांतता, आणि सूर असा फेकायचे की अंगावर काटा यायचा. तेव्हाही बऱ्याच जाणकारांना ते रुचलं नव्हतं, हे काय घराण्याचं गाणं आहे का म्हणून वाद झाले.

माझी सासू सांगायची की त्यांचं नवीन गाणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिला आवडलं नाही, अनोळखी वाटलं. मग एका पहाटे रेडिओवर निर्गुणी भजन लागलं, ती चुलीवर दूध ठेवून उभी होती, दूध सगळं उतू गेलं तरी तिला कळलं नाही. त्यानंतर तिने कधी नावं ठेवली नाहीत.

तुमच्या मित्राचं ते होस्टेलच्या रूममेटचं गाणं, ते माळव्यातल्याच एका खोलीत घडलंय ना. मला ते ऐकायला आवडेल, खरंच. मुलाला सांगेन लिंक लावून दे.


भंवरकुआ_रिफ:

सगळ्यांचे मनापासून आभार, मला वाटलं नव्हतं इतकं कोणी लिहील. काकू, तुमचं वाचून मी बेसिस्टला फोन केला आणि पूर्ण वाचून दाखवलं, तो बराच वेळ बोलला नाही.

काल रात्री आम्ही चौघांनी बसून सगळं ऐकलं. आधी स्किड रोचे दोन्ही, मग वॉरंटचा डॉग ईट डॉग. तारखा दाखवल्यावर व्होकलिस्टने ग्रंजचा मुद्दा सोडला पण ताईंचा मुद्दा पकडून बसला, की मग आपले शब्द नीट हवेत. आणि मग एक गोष्ट कळली जी तो इतके दिवस बोललाच नव्हता. त्याला नाटकी दिसायची भीती नव्हतीच. तो त्या रूममेटला ओळखायचा, दोघं एकाच मेसमधे जेवायचे, आणि तो निघून गेला त्या संध्याकाळी याने त्याला जेवायला चल म्हणून विचारलं नव्हतं. गाणं गाताना दुसऱ्या कडव्यात त्याचा आवाज अडकतो, म्हणून त्याला ते गायचं नव्हतं. आम्ही पंधरा दिवस स्किड रोवरून भांडत होतो आणि खरं हे होतं.

मग ठरलं की गाणं तोच गाणार, पण दुसरं कडवं वरच्या पट्टीत नाही, खाली, जवळजवळ बोलल्यासारखं. मंकी बिझनेसच्या सुरुवातीसारखं, दादा, तुम्ही सांगितलंत तिथूनच सुचलं. गेन निम्म्यावर आणला, पहिल्यांदाच किक ऐकू आला मला माझ्या रिफमधे! उजवा हात मात्र सुजलाय. रूममेटचं नाव गाण्यात होतं ते काढलं, त्याला विचारल्याशिवाय नको. तो ठीक आहे, गावी आहे, बेसिस्टने त्याला मेसेज केलाय.

जुनी गाणी पण सोडत नाहीये आम्ही. फेस्टला आय रिमेंबर यू वाजवणारच, आणि त्याच्या लगेच नंतर हे.

काका, एक विनंती होती. रविवारी प्रॅक्टिस आहे, याल का? आणि ती कॅसेट आणाल? ड्रमरच्या आजोबांचा जुना डेक आहे गच्चीवरच्या खोलीत, चालू होतो पण चाक फिरत नाही.


जुनी_कॅसेट:

बेल्ट गेला असेल, बहुतेक तेवढंच असतं. जेल रोडला एक जण अजून ठेवतो, डेकचं मॉडेल मागच्या बाजूला लिहिलेलं असेल, फोटो काढून इथे टाक म्हणजे मापाचा आणतो. येतो मी. पाच वाजता चालेल ना? आणि व्होकलिस्टला म्हणावं, कडवं खालच्या पट्टीतच गा, पण अडकला तर अडकू दे.